लघवीचा त्रास सांगायचा कसा आणि मोजायचा कसा?

मंडळाच्या कार्यक्रमात दाराजवळच्या खुर्च्या सर्वांत आधी भरतात. लवकर निघण्याची सोय पाहणारे त्यात काही असतात, पण बरेच जण स्वच्छतागृह जवळ पडावे म्हणून तिथे बसतात. काही जण तर येणेच सोडतात. विचारले तर गुडघ्याचे, डोळ्यांचे, बसच्या वेळेचे कारण सांगतात. खरे कारण सांगितले जात नाही, आणि पुष्कळदा ते डॉक्टरांनाही सांगितले जात नाही. म्हणून आरोग्य सदरात या वेळी हा विषय घ्यायचे आम्ही ठरवले.

साठीनंतर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते हे आता घरोघरी ठाऊक आहे. हा लेख त्याबद्दल नाही. ज्यांचे मूत्राशय मुळात धडधाकट आहे, पण त्याला हुकूम पोहोचवणाऱ्या मज्जातंतूंमध्ये बिघाड झाला आहे, अशांबद्दल तो आहे. वीस-वीस वर्षांचा मधुमेह, पार्किन्सन, पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरोसिस, अपघातात मणक्याला झालेली इजा, मुलांमध्ये जन्मतःच कण्यात राहिलेला दोष, ही त्याची नेहमीची कारणे. यात स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, कॉलेजात जाणारी मुलेही आहेत.

हुकूम कुठे अडतो त्यावर त्रास ठरतो

मूत्राशयाला दोनच कामे असतात, साठवणे आणि रिकामे होणे. दिवसाचा बहुतेक वेळ ते साठवण्याचेच काम करते. भरत असताना त्याची भिंत सैल राहते, म्हणून तीन-चारशे मिलीलिटर लघवी साठली तरी आतला दाब फारसा वाढत नाही. खालचा स्नायू तोपर्यंत तोंड आवळून धरतो. जायची वेळ झाली की मेंदू परवानगी देतो, तोंड सैल होते आणि त्याच क्षणी भिंत आकुंचन पावते. ही जुगलबंदी जमवणारे केंद्र मेंदूच्या बुंध्याशी आहे आणि तिथून निघालेला निरोप मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकापर्यंत जातो.

पक्षाघातात किंवा पार्किन्सनमध्ये बिघाड वर, मेंदूत असतो. जुगलबंदी साधारण टिकते, पण परवानगीची वाट न पाहता मूत्राशय आवळते. लागली म्हणेपर्यंत कपड्यात होते. मधुमेहात बिघाड खाली, मूत्राशयाकडे जाणाऱ्या बारीक तंतूंमध्ये असतो. तिथे जाणीवच बोथट होते, मूत्राशय ताणत जाते आणि पुरते रिकामे होत नाही. मधल्या भागात, म्हणजे मानेच्या किंवा पाठीच्या मज्जारज्जूला इजा झाली, तर सर्वांत वाईट प्रकार घडू शकतो. भिंत आकुंचन पावते त्याच वेळी तोंडही आवळले जाते. नळ बंद आणि पंप चालू अशी ती अवस्था. आतला दाब वाढतो आणि त्याचा मार मूत्रपिंडांवर बसतो.

पहिल्या महायुद्धात कण्याला इजा झालेले बहुतेक सैनिक काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत दगावत. त्यांना मारणाऱ्या गोष्टी दोन होत्या, अंथरुणातल्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी या रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. तिथे रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवणे आणि मूत्राशयाची शिस्तीने काळजी घेणे यावर भर दिला गेला, आणि चित्र पालटू लागले. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला ज्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, त्या पॅरालिंपिकचा उगमही याच रुग्णालयातल्या खेळांत आहे. पुण्याजवळ खडकीला जायबंदी जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे, तेही आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल.

पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवले की नळी कायमची बसवून ठेवण्यापेक्षा रुग्णाने स्वतः स्वच्छ हाताने, ठरावीक वेळाने नळी घालून मूत्राशय रिकामे करणे पुष्कळांना मानवते. आज ही साधी पद्धत जगभर चालते.

‘काही त्रास नाही’ म्हणणारा रुग्ण

या दुखण्यात त्रास आणि धोका बरोबरीने चालत नाहीत. ज्याला दर तासाला धावावे लागते तो रडकुंडीला येतो, पण त्याची मूत्रपिंडे ठणठणीत असू शकतात. ज्याला कण्याच्या इजेमुळे काहीच जाणवत नाही तो ‘माझे बरे चालले आहे’ म्हणतो, आणि आतला दाब गुपचूप मूत्रपिंडे पोखरत असतो. जुना मधुमेही तर कौतुकाने सांगतो, ‘मला दिवसातून दोनदाच जावे लागते.’ ते कौतुकाचे लक्षण नाही.

म्हणून इथे दोन प्रकारचे मोजमाप लागते. एक, माणसाला काय भोगावे लागते त्याचे. दुसरे, शरीरात काय चालले आहे त्याचे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

भोग मोजायचा म्हणजे प्रश्न विचारायचे. दवाखान्यात पुरुषांना बहुधा दिली जाते ती प्रोस्टेटची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली. तिच्यात सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० च्या पुढे तीव्र. शेवटी ‘उरलेले आयुष्य असेच काढावे लागले तर कसे वाटेल’ असा एक वेगळा प्रश्न असतो, आणि आमच्या मते सगळ्या कागदात तोच सर्वांत शहाणा आहे. प्रोस्टेटसाठी ही प्रश्नावली चांगली आहे. पण जो दिवसातून पाच वेळा नळीने मूत्राशय रिकामे करतो त्याला ‘धार बारीक येते का?’ हे विचारण्यात काय अर्थ? ज्याला लागल्याची जाणीवच नाही तो ‘घाई होते का?’ या प्रश्नाला शून्य गुण देतो आणि कागदावर निरोगी ठरतो. कपडे ओले होण्याबद्दल तर त्या सात प्रश्नांत अक्षरही नाही.

ही उणीव ओळखून कॅनडातील डॉ. ब्लेन वेल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूंच्या रुग्णांसाठी स्वतंत्र प्रश्नावली बनवली. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २४ प्रश्न आहेत आणि गुण ० ते ७४. जितके जास्त तितका त्रास जास्त. लघवी नकळत होण्याला त्यातले २९ गुण, साठवणे आणि रिकामे होणे यांच्या तक्रारींना २२, आणि वारंवार होणारा संसर्ग यांसारख्या परिणामांना २३. एकूण समाधानाचा प्रश्न वेगळा ठेवला आहे. दहा प्रश्नांची तिची छोटी आवृत्तीही नंतर निघाली. रुग्ण नळी वापरतो की स्वतः जातो हे ती गृहीत धरते, हा तिचा मोठा गुण.

मात्र या आकड्यांवरून शेजाऱ्याशी तुलना करायची नाही. ३० गुणांचे दोन रुग्ण अगदी वेगळे असू शकतात. एकाचे सगळे गुण कपडे ओले होण्याचे, दुसऱ्याचे संसर्गाचे. आकडा उपयोगी पडतो तो आपला आपल्याशीच ताडून पाहायला, औषध सुरू करण्याआधी आणि नंतर.

पिशवी म्हणजे कुठली पिशवी?

आता आपल्या घरचा प्रश्न. वडोदऱ्यात आपण घरात मराठी बोलतो, डॉक्टरांशी गुजरातीत किंवा हिंदीत बोलतो, आणि हातात येणारा छापील कागद बहुधा इंग्रजीत असतो. आजींचे दुखणे तीन भाषांची गाळणी ओलांडून कागदावर उतरते तेव्हा मूळचे फार थोडे उरते.

साधा ‘पिशवी’ हा शब्द घ्या. मूत्राशयाला आपण लघवीची पिशवी म्हणतो. नळीला जोडून खाटेला अडकवतात तीही लघवीची पिशवी. आणि बायकांच्या बोलण्यात ‘पिशवीचे ऑपरेशन झाले’ म्हणजे गर्भाशय काढले. तीन वेगळ्या गोष्टी आणि शब्द एक. ‘उन्हाळी लागली’ हा असाच दुसरा शब्द. कुणाला त्यातून जळजळ सांगायची असते, कुणाला थेंब थेंब होणे, कुणाला नुसते वारंवार जावे लागणे. गुजरातीत ‘उनवा’ शब्द आहे, तोही असाच ढगळ. ‘लघवीवर ताबा नाही’ हे वाक्य सर्वांत फसवे. त्याचा अर्थ घाई होते पण वेळेवर पोहोचतो असा होतो, पोहोचण्याआधी होते असाही होतो, आणि कळतच नाही, कपडे ओले झाले की समजते असाही होतो. या तिघांचे कारण वेगळे, औषध वेगळे.

म्हणूनच प्रश्नावलीचे भाषांतर शब्दकोश घेऊन बसल्याने होत नाही. दोघे जण स्वतंत्रपणे भाषांतर करतात, तिसरा ते मूळ न बघता परत इंग्रजीत नेतो, मग दोन्ही ताडून पाहतात, आणि शेवटी खऱ्या रुग्णांना वाचायला देऊन ‘तुम्हाला यातून काय समजले?’ असे विचारतात. उत्तरांचे पर्यायही अडतात. ‘पाच वेळांत एकदाहून कमी’ आणि ‘निम्म्याहून कमी वेळा’ यांतला फरक लिहिता-वाचता येणाऱ्यालाही चटकन कळत नाही. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी चित्रांची प्रश्नावली केली आहे, त्यात धार जाड की बारीक हे चित्रावर बोट ठेवून सांगता येते. ही युक्ती आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना चालण्यासारखी आहे.

आणि कागद भरतो कोण? बाकावर बसून मुलगा भरतो, नाहीतर सून भरते. ‘आई, तुम्हाला कपड्यात होते का?’ असे सुनेने चारचौघांत विचारल्यावर ‘छे, नाही हो’ याखेरीज कोणती सासू काय म्हणणार? आमचे सांगणे असे की कागद घरी आणावा, रुग्णाला एकट्याने भरू द्यावा, आणि वाचता येत नसेल तर ज्याच्याशी ती मोकळी आहे अशा व्यक्तीने, मैत्रिणीने किंवा बहिणीने, वाचून दाखवावा. डॉक्टरांसमोर शब्द सापडत नसतील तर घडते तसे सांगावे. ‘लागल्यासारखे वाटले की दोन मिनिटेही थांबता येत नाही.’ ‘खोकले की होते.’ ‘उठून उभी राहिले की पायांवरून ओघळ येतो, पण लागली होती हे कळत नाही.’ अशी तीन वाक्ये ‘ताबा नाही’पेक्षा शंभर पटींनी कामाची.

एक आडबाजूची गोष्टही सांगून ठेवतो. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांत संडास मागच्या अंगाला किंवा खालच्या मजल्यावर असतो. गुडघे धरलेला माणूस जिना उतरेपर्यंत कपड्यात होते. प्रश्नावलीत ते मज्जातंतूंच्या खाती जमा होते, पण दोष जिन्याचा असतो. खाटेजवळ भांडे ठेवल्यावर निम्मा त्रास गेला, तर औषधाचा विचार सावकाश करता येतो.

तीन दिवसांची वही

सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत उपयोगी साधन म्हणजे वही, घड्याळ आणि मिलीलिटरच्या खुणा असलेले प्लॅस्टिकचे मापाचे भांडे. ते फक्त याच कामासाठी ठेवावे. तीन दिवस किती वाजता किती लघवी झाली, घाई होती का, कपडे ओले झाले का, आणि काय किती प्यायले ते लिहायचे. चहा, ताक, सरबत, आमटी सगळे धरायचे. जे नळी वापरतात त्यांनी प्रत्येक वेळी नळीतून किती निघाली ते लिहावे. लंगोट किंवा पॅड वापरत असाल तर कोरडे आणि ओले वजन करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलीलिटर.

दिवस नेहमीचे निवडा. नवरात्राचे उपास, गणपतीतली धावपळ, लग्नघर नको. मे महिन्यात बेचाळीस अंशांत घामावाटे इतके पाणी जाते की त्या दिवसांची वही जानेवारीच्या वहीशी ताडताच येत नाही. आणि वही चांगली दिसावी म्हणून पाणी कमी पिऊ नका. एरवीही बाहेर जायचे म्हणून पाणी तोडणारे बरेच आहेत. मुतखड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या या पट्ट्यात ती सवय महागात पडते.

वहीतून काय निघते ते पाहा. समजा एका काकांची चोवीस तासांची लघवी १५०० मिलीलिटर आहे आणि त्यातली ७०० रात्री झोपल्यापासून सकाळी उठल्यावरच्या पहिल्या वेळेपर्यंतची आहे. म्हणजे जवळजवळ निम्मी. उतारवयात एक तृतीयांशाच्या वर रात्रीची लघवी गेली तर ती जास्त समजतात. काकांना रात्री चारदा उठावे लागते याचा दोष मग एकट्या मूत्राशयाचा राहत नाही. दिवसभर खुर्चीत किंवा चाकाच्या खुर्चीत बसून पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि लघवीवाटे निघते. दुपारी तासभर पाय उंच करून पडल्याने इथे फरक पडू शकतो. याउलट दर वेळी साठ-सत्तर मिलीलिटरच होत असेल, तर मूत्राशय साठवत नाही किंवा रिकामेच होत नाही. एका वेळी सहाशे-सातशे होत असेल तर जाणीव बोथट झाली आहे. नळी वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी पाचशेच्या वर निघत असेल, तर नळी घालण्याच्या वेळा वाढवाव्या लागतात. आणि मधुमेह्याची एकूण लघवीच अडीच-तीन लिटर भरली, तर आधी साखर तपासावी. मूत्राशय बिचारे आलेले काम करते आहे.

यंत्राचे मोजमाप

लघवी करून आल्यावर सोनोग्राफीने मागे किती उरली ते पाहतात. एकाच वेळच्या आकड्यावर विसंबू नये. दवाखान्यात तासभर रोखून धरलेला माणूस घरच्यासारखा रिकामा होत नाही, म्हणून दोन-तीनदा मोजलेले बरे. मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि रक्तातील क्रिएटिनिन ठरावीक काळाने करावे. मात्र पाय लुळे पडलेल्या माणसाचे स्नायू झिजलेले असतात, त्यामुळे त्याचे क्रिएटिनिन मूत्रपिंड बिघडले तरी नॉर्मल दिसू शकते, हे घरच्यांना माहीत असावे.

दाब मोजायची तपासणी म्हणजे युरोडायनॅमिक्स. बारीक नळ्यांतून मूत्राशय हळूहळू भरतात आणि आतला दाब पाहतात. तो सतत चाळीस सेंटिमीटर पाण्याच्या वर राहिला तर मूत्रपिंडांना धोका मानतात. ही तपासणी दुखत नाही असे नाही, अवघडल्यासारखे होते. पण कण्याची इजा झालेल्याचा ‘काही त्रास नाही’ हा शब्द खरा की खोटा ते इथेच कळते. पहिली तपासणी, रक्त-लघवीच्या चाचण्या आणि सोनोग्राफी सयाजी हॉस्पिटलमध्ये होतात. खास मूत्ररोगांसाठी १९७८ पासून चाललेले मुळजीभाई पटेल रुग्णालय आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, नडियादला आहे. तासाभराचा रस्ता.

लघवीच्या रिपोर्टबद्दल थोडे. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू जवळजवळ नेहमी सापडतात. ताप नाही, थंडी नाही, नव्याने ओले होणे नाही, अंगाचा ताठरपणा वाढलेला नाही, तर नुसता रिपोर्ट पाहून दर वेळी अँटिबायोटिक घेऊ नये. खरी गरज पडेल तेव्हा ते लागू पडेनासे होते.

काही गोष्टींसाठी मात्र वही, प्रश्नावली काही नको, सरळ दवाखाना गाठावा. लघवी अचानक पूर्ण तुंबणे. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधला, बैठकीचा भाग बधिर होणे. थंडी वाजून ताप येणे. आणि छातीच्या वर किंवा मानेत कण्याची इजा असलेल्या माणसाचे डोके एकाएकी ठणकू लागणे, चेहरा लाल होऊन घाम फुटणे. या शेवटच्या प्रकारात रक्तदाब भयानक वाढलेला असतो आणि कारण पुष्कळदा तुंबलेले मूत्राशय किंवा पिळा पडलेली नळी असते. त्याला उठवून बसवा, नळी तपासा, कपडे सैल करा आणि वेळ न घालवता निघा.

औषध बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस वही भरावी, तीच प्रश्नावली पुन्हा सोडवावी आणि दोन्ही कागद सोबत न्यावेत. घाई कमी करणाऱ्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो आणि वयस्करांना कधी विसरल्यासारखे, गोंधळल्यासारखे होते, तेही लिहावे. मधल्या काळात ताप आला, कपडे ओले झाले, नळी बदलली, तर तेवढी खूण भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकटीत करून ठेवली तरी चालते, दुधाच्या हिशेबाशेजारी.